राखेनं निळं, आमसुलानं लाल

माझी गोदाआत्या पेद्रू बटलरला "करते की, त्यात काय?" असं म्हणून बसली, तेव्हा लाल मेणबत्ती कशी करतात याची तिला तिळमात्र कल्पना नव्हती. मी तिच्या शेजारीच उभी होते, डोक्यावर पांढऱ्या मेणबत्त्यांची पाटी घेऊन, म्हणून हे छातीठोक सांगते. कर्जत ठेसनावरच्या साहेबांच्या खाणावळीच्या मागच्या दाराशी ही बोलणी झाली. घाट चढायच्या आधी गाडी कर्जतला बराच वेळ थांबायची, मागून ढकलायला जादा इंजिनं जोडायची, आणि तेवढ्यात साहेबलोक उतरून तिथं जेवून घ्यायचे. त्यांच्या टेबलांवरच्या मेणबत्त्या आमच्या घरच्या असायच्या. पेद्रू तिथला बटलर, मूळचा गोव्याचा, माणूस मनानं मऊ पण तोंडानं मिरची. त्यानं आत्याच्या हातावर लाल मेणबत्तीचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाला, "बाय, हा मुंबईचा माल. नाताळाची आख्खी पेटी कोणा शहाण्यानं इंजिनाच्या भट्टीपाशी ठेवली, सगळ्याचा एक गोळा झाला, एवढा तुकडा बचावला. इथल्या मडमेला अशाच गडद लाल मेणबत्त्या पायजेत, चार डझन. तुला जमत नसंल तर आत्ताच सांग. मुंबईचा एक व्यापारी म्हणतो, लाल घ्या, पांढऱ्या घ्या, सगळं मीच पाठवतो." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि आत्या 'करते की' म्हणाली. घरी येईपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणात आल्यावर माझ्या डोक्यावरची पाटी उतरवली आणि म्हणाली, "चिमे, मेलो गं आपण!"

आता ती का मेली होती ते सांगते. आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण, चौक गावी दिलेली. नवरा तापानं गेला तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. सासरी तिला पहाटे जात्यावर बसवायचे ते दिवस मावळेपर्यंत राबवायचे, आणि जेवायला सगळ्यांच्या मागून, उरलं तर. दोन वर्षं तिनं हे सोसलं आणि एक दिवस चौकहून कर्जतपर्यंत चालत आमच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा ठेसनावर सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो खटका ओढणारे. माणूस सज्जन, पण चार लोक काय म्हणतील याचा त्यांना गाडीखाली सापडण्यापेक्षा जास्त धाक. आत्याचा दीर धोंडिबा महिन्या-दोन महिन्यांनी निरोप धाडायचा, 'आमची वैनी पाठवून द्या.' शेवटचा निरोप त्या दिवाळीनंतर आला, की नाताळ झाल्यावर गाडी घेऊन मी स्वतः येतो. बाबा म्हणाले, "गोदे, लोक तोंडावर इचारतात, बहिणीला किती दिस पोसणार म्हणून. तुझा धंदा बसला तर मी त्यांच्या तोंडावर बोलंन. नाय बसला, तर मी काय बोलू?" आणि धंदा म्हणजे काय, तर ती खाणावळ. तेवढं एकच गिऱ्हाईक. ते गेलं की आत्या धोंडिबाच्या गाडीत बसून चौकला जाणार, हे मला तेरा वर्षांच्या पोरीलाही लख्ख कळत होतं. मी तिच्या कुशीत झोपायचे. तिच्यावाचून घर ही गोष्ट मला सुचतच नव्हती.

मेण आम्हाला डोंगरातल्या ठाकरणी आणून द्यायच्या, पळसाच्या पानात बांधलेले काळपट गोळे, त्यात मेलेल्या माश्या, काड्या आणि धुराचा वास. त्या बदल्यात आई त्यांना तांदूळ आणि मीठ द्यायची. मग आत्याचं राज्य सुरू व्हायचं. ती मेण उकळत्या पाण्यात वितळवायची, फडक्यातून गाळायची, आणि मग राखेच्या पाण्यात धुवायची, एकदा नाही, तीनदा. चुलीतली शेवरीची पांढरी राख मडक्यात भिजवून वरचं निवळ पाणी काढायची, त्यात मेण उकळायचं, वर गोठलेली मेणाची थापी थंड झाली की तिच्या खालचा गाळ खरवडायचा. भांडीसुद्धा राखेनं अशी घासायची की त्यात तोंड बघावं. मग मेणाच्या पातळ कापट्या काढून त्या चादरीवर उन्हात घालायच्या, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायचं, आणि आठ-दहा दिवसांत ते मेण जाईसारखं पांढरं व्हायचं. माझं काम कावळे हाकायचं. "राखेत धुतलेलं मेण म्हंजे गंगेत न्हालेला माणूस," आत्या म्हणायची. तिच्या मेणाला कुणी नाव ठेवावं अशी कुणाची टाप नव्हती. आता माझी सून दुकानातून कागदात गुंडाळलेल्या मेणबत्त्या आणते. त्या पेटवल्या की घासलेटाच्या चिमणीचा वास येतो. आमची मेणबत्ती पेटली की घरात मधाचा वास यायचा. पण हे सांगितलं की सून म्हणते, 'आत्याबाईंचं पुराण सुरू झालं.' झालं तर झालं!

तर आत्यानं पहिल्या दिवशी मेणात कुंकू घातलं. म्हणजे आईच्या करंड्यातलं कुंकू मी आणून घातलं, कारण आत्यानं कुंकवाला हात लावायचा नव्हता. मेण सुरेख लाल दिसलं, आम्ही खूश. काठीला बांधलेल्या वाती मेणात बुडवायच्या, वर काढायच्या, थर वाळला की परत बुडवायच्या, अशी आमची पद्धत. चौथ्या बुडवणीला बघतो तर वरचं मेण पिवळट पांढरं आणि कुंकू सगळं तळाला चिखल होऊन बसलेलं! ढवळत ढवळत कशीबशी एक केली, ती पेटवली तर तडतड तडतड करून विझून गेली. दुसऱ्या दिवशी शेंदूर घातला, तो तर दगडासारखा बुडाला. तिसऱ्या दिवशी आत्यानं पळसाची वाळकी फुलं पाण्यात उकळून तो रंग घालून पाहिला. पाणी खाली, मेण वर, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. आई चुलीपाशी वालाचं बिरडं ढवळत होती, ती तिथूनच म्हणाली, "वन्सं, मेणाचा नाद सोडा नि त्यात बिरडं घाला, निदान खाता तरी येईल." आत्या इतकी चिडली की त्या दिवशी जेवलीच नाही. मग आईच ताट घेऊन तिच्यापुढे बसली. आई बोलायला फटकळ, पण आत्या जाऊ नये असं तिलाही फार वाटत होतं.

बाजारात हसनमियाँचं तेल-अत्तराचं दुकान होतं. त्याचं घर मूळचं खाडीकडचं, पण बोलणं आमच्यासारखंच. त्याच्या दुकानात बायकांचं केसांचं लाल तेल असायचं, बाटलीत माणकासारखं चमकणारं. आत्या त्या बाटलीकडे बघत उभी राहिली आणि तिनं सरळ विचारलं, "चाचा, हा रंग खाली कसा नाय बसत?" हसनमियाँ हसला. म्हणाला, "गोदाबाय, तू पाण्याचे रंग मेणाला देतेस. मेण ही तेलाची बहीण. तिला तेलातलाच रंग चालतो." आणि त्यानं एका डब्यातून काळपट जांभळी, सालपटं सुटलेली मुळं काढली. रतनजोत. ही मुळं गरम तेलात टाकली की रंग आपोआप सुटतो, पाण्यात टाकलीत तर ढिम्म नाही. आत्यानं ओंजळभर घेतली. वाटेत ती जवळजवळ पळत होती. मी मागून ओरडतेय, "आत्या, लोक बघतायत गं!" आणि ती म्हणतेय, "बघू दे, फुकट हाय!"

घरी येऊन तिनं सगळ्यात चांगलं, तीनदा राखेत धुतलेलं मेण काढलं. पातेलं राखेनं घासून लख्ख केलं. मुळं फडक्यात बांधून वितळलेल्या मेणात सोडली. रंग सुटला, तळाला काही बसलं नाही, पळसाच्या पाण्यासारखं वेगळंही राहिलं नाही. पण रंग कुठला? जांभळा! आधी वांग्यासारखा, मग उकळत उकळत शाईसारखा निळा-काळा. आत्यानं परत मेण घेतलं, ते आणखी एकदा राखेत धुतलं, कारण तिला वाटलं मेणातच काही घाण राहिली. या वेळी रंग पहिल्यापेक्षा काळा आला. तिसऱ्यांदा पातेलंही दोनदा घासलं. आणखी काळा! आत्या डोकं धरून बसली. "हसन्यानं फसवलं मला," म्हणाली. पण त्याच्या बाटलीतलं तेल तर लाल होतं. नाताळाला सहा दिवस उरले होते.

त्यातच पाणवठ्यावर एक प्रकार झाला. मुळं चोळून चोळून आम्हा दोघींचे हात लाल झाले होते. माझ्या हातांना कोण काय म्हणणार? पण आत्या कळशी भरायला वाकली तसं एक बाई म्हणाली, "गोदे, मेंदी लावलीस वाटतं? कोणासाठी गं?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. नवरा नसलेल्या बाईचे हात लाल दिसले की गावाच्या पोटात दुखतं, हे तेव्हाचं, आणि खरं सांगू का, अजूनही. आत्यानं कळशी तिथंच ठेवली, घरी आली, आणि चुलीतली राख घेऊन हात घासायला बसली. घासतेय, घासतेय, कातडी सोलवटेल इतकं. मला रडू फुटलं. तिच्याबरोबर मीही राख घेतली आणि घासायला लागले, का ते माहीत नाही, तिचं जे होईल ते माझंही होऊ दे असं वाटलं. हात लाल राहिले नाहीत, पण स्वच्छही झाले नाहीत. दोघींचे हात निळे-काळे पडले. आत्या म्हणाली, "नशीबच काळं, हात कुठनं गोरे व्हायचे?" आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुपारी आईनं मला सार करायला आमसुलं कोळायला सांगितलं. भिजवलेली आमसुलं मी मुठीत धरून पिळली आणि बघते तर माझी बोटं लाल! काळी बोटं, माझ्या डोळ्यांदेखत, लाल! मला वाटलं आमसुलाचाच रंग लागला. हात धुतला. लाल तसाच. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी डावा हात परत राखेत खुपसला आणि ओला करून चोळला. निळा. तोच हात आमसुलाच्या पाण्यात बुडवला. लाल. परत राख. निळा. आई ओरडली, "चिमे, सारात राख घालतेस का काय भवाने?" पण मी कुणाचं ऐकते! उजवा हात आमसुलात, डावा हात राखेत, अशी दोन्ही हात वर धरून मी आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आत्या, ऊठ. रतनजोत खरी हाय. हसनचाचा खरा हाय. खोटी तुझी राख हाय!"

आत्या ताडकन उठून बसली. राखेला खोटं म्हणणं म्हणजे तिला खोटं म्हणणं. मला वाटलं आता कानशिलात बसतेय. "काय बोल्लीस?" म्हणाली. मी मागे हटले नाही. म्हटलं, "जितकी तू राख घालतेस तितका रंग काळा होतो. तू घाण काढायला धुतेस नि ती राखच मेणात बसते. ही बघ, ही बघ!" आणि मी पुन्हा दोन्ही हात हलवले. ती माझ्या निळ्या हाताकडे बघत राहिली, मग लाल हाताकडे. मग आपला काळा हात माझ्या हातातल्या आमसुलाच्या चोथ्यावर घासला. तळवा हळूहळू लाल झाला. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे इतके दिस माझीच राख मला नडली?" आणि खो खो हसायला लागली, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. तो दिवस आठवला की आजही माझी छाती फुगते. आयुष्यात पुढे मी पाच पोरं वाढवली, दोन घरं बांधली, पण त्या दुपारइतकी शहाणी मी पुन्हा कधी झाले नाही!

मग काय, घरात आमसुलाचा पूर आला. आईनं वर्षाची बरणी पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "या साली बिनसाराचं जेवू." राखेत धुतलेलं सगळं मेण आम्ही आमसुलाच्या पाण्यात उकळून काढलं, थंड केलं, थापी उचलून परत उकळलं. राखेनं घासलेलं पातेलं बाजूला सारलं आणि कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. त्यात मुळं सोडली आणि रंग आला तो डाळिंबाच्या दाण्याचा! पण पेद्रूच्या तुकड्याशेजारी धरला तर आमचा गुलाबीकडे झुकत होता, थोडा जांभळाही. आत्या म्हणाली, "यात ऊन कमी हाय." ऊन म्हणजे पिवळेपणा. तिला आठवलं, कडावला माझ्या मामाच्या परसात शेंदरीचं झाड आहे, काटेरी बोंडांचं, त्याच्या बिया बोटाला केशरी रंग लावतात. बाबा स्वतः जाऊन पिशवीभर बोंडं घेऊन आले. बिया मेणात कढवल्या, केशरी मेण वेगळं, डाळिंबी मेण वेगळं. मग आत्यानं केळीच्या पानावर एकेक थेंब टाकायला सुरुवात केली. एकाला एक, तो भगवा झाला. दोनाला एक, तो विटेसारखा. चाराला एक, पुन्हा गुलाबी. तीन पळ्या रतनजोतीच्या आणि एक पळी शेंदरीची, हा थेंब जेव्हा पानावर गोठला तेव्हा आम्ही मुंबईचा तुकडा त्याच्यावर ठेवला आणि तुकडा कुठं संपतो नि थेंब कुठं सुरू होतो ते कळेना. "तीनाला एक," आत्या म्हणाली. "चिमे, इसरलीस तर बघ." विसरते कशाला! अजूनही झोपेतनं उठवा, सांगेन.

नाताळाच्या आदल्या सकाळी चार डझन मेणबत्त्या फडक्यात गुंडाळून आम्ही निघालो. एरवी आत्या मालधक्क्याच्या मागच्या वाटेनं जायची, लोकांची नजर चुकवत. त्या दिवशी सरळ फलाटावरून गेली, पुण्याची गाडी उभी असताना, सगळ्यांसमोर. हात कोपरापर्यंत लाल. मी म्हटलं, "आत्या, पदर घे हातावर." ती म्हणाली, "का? चोरी केली का काय मी?" पेद्रूनं मेणबत्ती उचलली, हुंगली, उजेडात धरली. मग सुरी घेतली आणि कचकन मधोमध कापली. आतून बाहेरून एकच लाल. त्यानं मुंबईचा तुकडा घेऊन तोही कापला. आत पांढराफेक! वरून नुसती लाल साल. "आयला!" पेद्रू म्हणाला, आणि दोन्ही अर्धुकं घेऊन आत पळाला. थोड्या वेळानं मडम स्वतः मागच्या दारी आली, हातात आमची कापलेली मेणबत्ती. ती काय बोलली ते मला कळलं नाही, पण तिनं आत्याचा लाल हात धरून हलवला, साहेबलोक एकमेकांचा हलवतात तसा. पेद्रू म्हणाला, "बाय, मडम म्हणते, मुंबईवाल्याला कळवा, त्याची गरज नाय. लाल, पांढरी, सगळी हिच्याकडनं. आणि नव्या वर्षाला आणखी चार डझन." आत्यानं मान हलवली, पदर सावरला आणि इतक्या रुबाबात वळली की मीच घाईघाईत तिच्या टाचेवर पाय दिला.

नाताळानंतर दोन दिवसांनी धोंडिबा आला, बैलगाडी घेऊन, आत्याची पेटी ठेवायला मागे गवत अंथरून. आत्या अंगणात वाती बुडवत होती. त्यानं तिचे हात बघितले आणि ओसरीवर न बसताच सुरू केलं, "हे काय चाललंय? आमच्या घरची विधवा बाई नि हे असलं? आटप वैनी, पेटी घे." आत्यानं काठी वर काढली, मेण निथळू दिलं, मग म्हणाली, "भावजी, हात कामानं लाल हायेत. तुमच्याकडं कामानं काळे झाले होते, तवा तुमाला दिसले नाय." धोंडिबा बाबांकडे वळला. "दादा, लोक हसतायत तुमाला. या बाईच्या जिवावर काय तुमचं पोट भरतंय का?" बाबा नुकते पाळी संपवून आले होते, खांद्यावर कंदील. मी त्यांच्याकडे बघितलं. चार लोकांना भिणारा माणूस तो. त्यांनी कंदील खाली ठेवला आणि म्हणाले, "भरतंय की! बोलव त्या चार लोकांना, सांगतो. माझी बहीण हिथंच राहील, तुझी गाडी दारातनं काढ." बाबांच्या तोंडून इतका मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते स्वतःही दचकले असावेत.

धोंडिबानं गाडी वळवली. आत्या आत गेली, दोन लाल मेणबत्त्या घेऊन आली आणि चालत्या गाडीत गवतावर ठेवल्या. "घेऊन जा भावजी," म्हणाली, "रिकामी गाडी बरी दिसत नाय." त्यानं बैलांना हाणलं. आई चुलीपाशी आनंदानं रडत होती आणि रडतेय हे कबूल करत नव्हती. धोंडिबा पुन्हा आला नाही, निरोपही आला नाही. खाणावळीत पेद्रू गेला, दुसरे बटलर आले, मडमा बदलल्या, पण मेणबत्त्या आमच्याच राहिल्या. माझं लग्न त्याच अंगणातून झालं, आत्या मांडवाचा खांब धरून उभी होती. त्या घरातून तिला बाहेर नेलं ते कितीतरी वर्षांनी, तिचे केस पिकल्यावर, आणि ते चौघांच्या खांद्यावरून. त्याआधी तिला हलवायची छाती कुणाला झाली नाही.